मदत हवी आहे: केसाहून बारीक तारेला डाख बसत नाही

रात्रपाळी: दोन दिवस डोकं फिरलंय. बारीक तांब्याची तार तुटलीये. कथील गोळी होऊन घरंगळतं. बसलं असं वाटलं तरी मीटर मुकाच. आज रात्रीच हवंय, लवकर सांगा.

पक्याभाऊ: इयरफोन ना? फेकून दे, ब्लूटूथ घे.

रात्रपाळी: इयरफोन कुठून आला मध्येच? ४२ नंबरची तार आहे.

जुना वाइंडर: कुठला ४२? आपल्याकडे दुकानदार एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापाने मोजतो, म्हणजे ०.१ मिमी. अमेरिकी ४२ म्हणजे ०.०६३. आणि वस्तू कोणती?

रात्रपाळी: गिटारचा पिकअप, तारांचा आवाज पकडणारं वेटोळं, अजून काय! अमेरिकीच.

कोयनाकाठ: लायटरने जाळा नि पुसा. मी इयरफोन असेच जोडते.

जुना वाइंडर: ताई, इयरफोनच्या तारेला बरेच पदर असतात, दोन गेले तरी चालतं. इथे एकच धागा आहे, लायटरने तांबंच जाईल. रात्रपाळी, तारेवर इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप आहे, म्हणून कथील धरत नाही. ते पॉलियुरेथेनचं असेल तर सोल्डरिंग आयर्न ३९० अंशांवर ठेवा, टोकावर ताज्या कथलाचा थेंब घ्या नि तार त्यात बुडवा. दोन सेकंद, बास. वितळलेलं कथील तांबं खातं, फार रेंगाळलात तर तार थेंबातच विरघळते. खिडकी उघडी ठेवा. जुना पिकअप असेल तर तपकिरी-जांभळट प्लेन इनॅमल असेल, ते असं जळत नाही. ६०० नंबरचा पॉलिशपेपर दुमडून त्यातून तार हलकेच ओढा.

पक्याभाऊ: ॲस्पिरिनच्या गोळीवर तार ठेवून आयर्न दाबा, इनॅमल गायब!

जुना वाइंडर: आणि त्या धुराने डोळ्यांतून धारा. करून बसलोय.

कोयनाकाठ: तुटलंय कुठलं टोक? बाहेरचं असेल तर एक वेढा उलगडा, झालं.

रात्रपाळी: आतलं. ४ मिमी उरलंय.

जुना वाइंडर: हे पहिल्याच ओळीत नको होतं का सांगायला? ओढू नका. दुसरा तुकडा जोडून लांबी वाढवा. जोड आधी टेपने बॉबिनला, म्हणजे तार गुंडाळलेल्या रिळाला चिकटवा, मग तो तुकडा ढिला ठेवून आयलेटला, म्हणजे बाहेरची वायर जोडायच्या धातूच्या कडीला गुंडाळा. तार डाखात तुटत नाही, डाखाशेजारी तुटते.

बेसूर बासरी: दोन टोकं उलटी जोडली तर दुसऱ्या पिकअपबरोबर आवाज पातळ येतो हां.

रात्रपाळी: ते कोणी विचारलं? असो. खरवडल्यावर जमलं, ५.८ किलोओहम आले! टेप लावताना परत तुटली. आता २ मिमी.

जुना वाइंडर: टेप आधी म्हणालो होतो ना? आयलेटला जोडून मग लावलीत?

रात्रपाळी: हो.