प्रति: शेगडी पेटवली की धूर घरातच

धुळ्याकडच्या धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरात चिमणीची लोखंडी शेगडी बसवली, पण पेटवताना धूर खोलीत येतो, असं तुम्ही लिहिलंय दादा. दोष बहुतेक शेगडीचा नाही, पाइपाचा आहे. फोटोत पाइप धाब्याच्या जेमतेम वीतभर वर दिसतोय. तो छतापासून किमान ३ फूट वर हवा, आणि १० फुटांच्या आत कठडा किंवा पाण्याची टाकी असेल तर तिच्याहूनही २ फूट उंच. दोन कोपरे आहेत ते काढा, पाइप सरळ न्या. पहाटे थंडी पडली की पाइपात गार हवा साचते. आधी शेगडीच्या आत, पाइपाच्या तोंडाशी कागदाचा बोळा पेटवा, ओढ सुरू झाली की मगच काड्या.

पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) फक्त पेटवणाला. भसकन जळतात, ऊब टिकत नाही. मुख्य जळण बाभळीचं, मनगटाएवढं फोडून एक अख्खा उन्हाळा वाळवलेलं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: टणटण वाजल्या तर वाळल्या, बद्द आवाज आला तर ओल्या. ओल्या लाकडाने पाइपात डांबरासारखा थर धरतो आणि एक दिवस तोच पेट घेतो. तुमच्या छताला सागाच्या कड्या आहेत, म्हणून हे जास्त सांगतोय. पाइप कडीपासून दीड फूट लांब ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप असेल तर बदलाच.

आणि दारं-खिडक्या गच्च लावून, निखारे धुमसत ठेवून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, अंगणात.