कॉन्व्हेंट आणि २५ टक्के जागा

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा; त्यात गरीब आणि वंचित मुलांसाठी खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागा देत नाहीत, म्हणजे मुलींची कॉन्व्हेंटं फक्त पैसेवाल्यांसाठी, असं कुणीतरी लिहिलंय. त्यातलं पहिलं खरं आहे. २०१४च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने कॉन्व्हेंटांसारख्या अल्पसंख्याक शाळांना तो कायदाच लागू नाही असं म्हटलं. दुसरं मात्र पटत नाही. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. दहावी झालेल्या मुलींची धुऊन इस्त्री केलेली ट्युनिकं, बूट, पुस्तकं त्यात असायची. जिला गरज तिला मधल्या सुट्टीत बोलावून गुपचूप पिशवी मिळे, मग ती ख्रिस्ती असो वा नसो. फीमाफीचंही तसंच, वर्गात कधी नावं वाचली नाहीत.

अर्थात सगळा कारभार मर्जीचा. सिस्टरांची बदली झाली की नव्या सिस्टरांना घरची परिस्थिती पुन्हा पहिल्यापासून सांगा!