सबमिशन तोंडावर आणि भाचा निघाला रॉक कॉन्सर्टला!

उनाड_मामा: भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. जानेवारी 2025 मधली नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरची कोल्डप्ले बँडची कॉन्सर्ट हुकली, म्हणून आता मार्च 2025 मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवात ग्रीन डे हा रॉक बँड ऐकायला जायचंय. ताई म्हणते, अभ्यास कोण करणार? मी जाऊ दे म्हटलं आणि घरात महाभारत सुरू झालं.

मला सांगा, एरवी ही मुलं ब्रेक म्हणून करतात काय? पडल्या पडल्या रील्स. पाच मिनिटं म्हणता म्हणता दीड तास, आणि उठताना डोकं आधीपेक्षा जड. कॉन्सर्टच्या गर्दीत फोनला धड रेंजही नसते. बेस गिटार छातीत घुमायला लागली की सबमिशनचं जर्नल आठवतंय कुणाला?

हिशेबी_काकू: तिकीट, मुंबईचं येणं-जाणं, आतलं खाणंपिणं विकत. खर्च कोण करणार, मामा? आणि दिवसभर उन्हात उभं राहून विरंगुळा कसला? दुसऱ्या दिवशी पोरगं झोपूनच काढणार. पर्वती चढून ये म्हणावं, फुकट आहे.

सतरंजीवाला: काकू, 1953 पासून पुण्यात जवळजवळ दर वर्षी शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव होतो, बहुतेकदा डिसेंबरात, ऐन सेमिस्टरच्या दिवसांत. पूर्वी रात्रभर चालायचा. कॉलेज बुडवून सवाईला बसलेले बाबा ते आजही कौतुकाने सांगतात. मुलाने गिटार ऐकायची म्हटलं की मात्र लगेच ‘वाया गेला’! उलट आता उघड्यावरचे कार्यक्रम सहसा रात्री दहाला आटोपतात.

हिशेबी_काकू: सवाईला बसायला मिळतं हो. आणि कानांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. स्पीकरच्या पुढ्यात नाचणाऱ्याला हे कोण सांगणार?

उनाड_मामा: हे मात्र मान्य. इअरप्लग घालून जाईल. स्टेजजवळ घुसायचं नाही, हेही बजावतो.

धोबीतलाव_रिटर्न: आम्ही मुंबईत धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव ऐकत मोठे झालो. शेजारी झेवियर्स कॉलेज, पलीकडे हॉस्पिटल. शेवटी शांतता क्षेत्र म्हणून तिथले जलसे बंद पडले. पण आमच्या कंपूतलं कुणी बिघडलं नाही. सगळे नोकरीधंद्याला लागले.

अटकेपार_एटीकेटी: ज्यांचे विषय राहिले ते इथे लिहायला येत नाहीत, साहेब. माझं मत विचाराल तर कॉन्सर्टला विरोध नाही, वेळेला आहे. जर्नल पूर्ण करून गेलास तर तो ब्रेक. अर्धवट टाकून गेलास तर गाण्यातही तेच डोक्यात घोळणार आणि पैसे पाण्यात.

उनाड_मामा: ताईनेही हीच अट घातली आहे. आधी सह्या झालेली जर्नल्स दाखव, मग तिकीट.

हिशेबी_काकू: तिकिटं किती काढताय, एक की दोन?

उनाड_मामा: पोराला एकट्याला कसं पाठवणार?

हिशेबी_काकू: तरीच!