पोर्ट्रेटला प्राइमच हवी म्हणणाऱ्यांनी एकदा मुंजीच्या हॉलमध्ये उभं राहून दाखवावं

घंटाळीकर
परवा एक पोस्ट वाचली, "८५ प्राइम नसेल तर पोर्ट्रेट काढूच नका, झूमवाले आळशी, यांना पाय हलवायला नको." खाली सगळे माना डोलावतायत. डोकंच फिरलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (नवख्यांसाठी: प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. ५०, ८५, ७०-२०० हे लेन्सच्या फोकल लेंथचे मिलिमीटरमधले आकडे, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं.)

बारा वर्षं ठाण्यात लग्नं-मुंजी करतोय. पाय हलवा म्हणता, हलवतो की, पण कुठे? नौपाड्यातला जुना हॉल, मातृभोजन चाललंय, आई पोराला घास भरवतेय, भोवती पाटांची रांग, रांगोळ्या, मामा-मावश्यांचे मोबाइल. तिथे ८५ घेऊन पुढे घुसू? मी दाराशी ७०-२०० घेऊन उभा राहतो, पाचव्या मिनिटाला मी तिथे आहे हे सगळे विसरतात आणि मग आईचा खरा चेहरा मिळतो.

शिवाय "पायांनी झूम करा" हेच मुळात चूक आहे. पाय हलले की अंतर बदलतं आणि अंतर बदललं की चेहरा बदलतो. दोन फुटांवरून काढा, नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. आठ फुटांवर तोच माणूस नीट दिसतो. हे सगळं अंतराचं काम आहे, लेन्सचं नाही. झूम असली की मी आधी अंतर ठरवतो, मग फ्रेम भरतो.

आणि त्या बोकेचं, म्हणजे मागचं धूसर होण्याचं, कौतुक पुरे. फोकल लेंथ भागिले एफ-आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र किती मिलिमीटर ते; एफ-आकडा लहान तितकं छिद्र मोठं. २०० भागिले २.८ म्हणजे ७१, ८५ भागिले १.८ म्हणजे ४७. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवलात तर लांबचं बॅकग्राउंड २०० वरच जास्त विरघळतं.

पामबीच८५
त्या पोस्टला लाइक करणाऱ्यांत मी पण आहे, म्हणून उत्तर देते. तुमचा भागाकार बरोबर आहे, पण ८५ ने सहा फुटांवरून जी फ्रेम मिळते तीच २०० ने घ्यायला चौदा फुटांवर जावं लागतं. चौदा फुटांवरून माणसाशी बोलणार काय, ओरडून?

बेलापूरला दिवाळे कोळीवाड्यात एक मावशी जाळं दुरुस्त करत बसायच्या. पहिल्या दिवशी मी मोठी पांढरी झूम घेऊन गेले, त्यांनी पदर सारखा केला आणि पुतळ्यासारख्या बसल्या. दुसऱ्या खेपेला साधी ५० एमएम नेली, तासभर बाजूला बसले, पापलेटच्या भावापासून सुनेपर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि मग फोटो काढले. त्यातला एक त्यांच्या घरात लावलाय. असा फोटो दाराशी उभं राहून मिळत नाही.

आणि उजेडाचं काय? घरात खिडकी एकच. एफ २.८ च्या तुलनेत एफ १.८ ला जवळजवळ अडीच पट प्रकाश मिळतो, म्हणजे मी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) १६०० वर काम करते तिथे तुम्ही ४००० वर जाणार.

घंटाळीकर
ताई, तुमच्या मावशींकडे तास होता. माझ्याकडे मंगलाष्टकं संपेपर्यंतचा वेळ असतो. नवरीला "थांबा, लेन्स बदलतो" सांगू? आणि बदलली तर सेन्सरवर धूळ, ती रात्री बसून मीच पुसायची.

पामबीच८५
ताई म्हणून समजावू नका. दोन बॉडी, म्हणजे दोन कॅमेरे, घेऊन लग्नाचे फोटो काढणारे लोक आहेत. प्रश्न पोर्ट्रेटचा होता, तुम्ही इव्हेंटवर नेलात.

घंटाळीकर
आईचा चेहरा पोर्ट्रेट नाही? मग पोर्ट्रेट म्हणजे फक्त पाम बीच रोडवर संध्याकाळी केस उडवत काढलेला का?

ट्रान्सहार्बर
भांडा, पण नवीन लोक वाचतायत म्हणून सांगतो, क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) असेल तर आधी ८५ घेऊ नका. ती १२७ सारखी वागते. वाशीत सिडकोच्या घरात पाठ भिंतीला टेकली तरी बायकोचं फक्त डोकं येत होतं फ्रेममध्ये. ५० घ्या, काही हजारांत मिळते.

कोपरीचा अप्पा
प्राइम की झूम ते राहू दे, फंगसचं, म्हणजे लेन्सच्या आत लागणाऱ्या बुरशीचं, कोणीच बोलत नाही. माझी ७०-२०० दोन पावसाळे बॅगेत पडून होती. दिवाळीला काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात तीन ५० आल्या असत्या. कॅननच्या ईएफ ७०-२०० एफ २.८ आयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या) लेन्समध्ये २३ काचा आहेत आणि ५० एफ १.८ मध्ये ६. खाडीच्या हवेत राहतो आपण, हिशोब तुम्हीच करा.

ट्रान्सहार्बर
तांदळाच्या डब्यात ठेवायची. आमच्याकडे तसंच ठेवतो.

कोपरीचा अप्पा
अजिबात नको! तांदळाची पूड फोकस रिंगमध्ये जाते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, फार कोरडंही नको. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरा. आणि बॅग ही ठेवायची जागाच नाही, तिचा फोम ओल धरून ठेवतो.

ट्रान्सहार्बर
सात वर्षं तांदळात आहे, काही झालं नाही.

कोपरीचा अप्पा
टॉर्च मारून बघितलंत का कधी? मागच्या बाजूने टॉर्च धरा, डायफ्राम (लेन्समधलं उघडझाप होणारं छिद्र) पूर्ण उघडा ठेवा आणि पुढून तिरकं बघा. न बघता काही झालं नाही म्हणू नका.

पामबीच८५
धागा मूळ विषयावरून भरकटला, त्याचं काश्मीर झालं.

उपवनची सून
मी फोटो काढत नाही, पण लिहावंसं वाटलं. सासूबाई गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधत होतो. समोर बसवून काढलेल्या सगळ्या फोटोंत चेहरा ताठ, आधार कार्डावर असतो तसा. शेवटी मिळाला तो पुतण्याच्या लग्नातला, फोटोवाल्याने हॉलच्या दुसऱ्या टोकावरून काढलेला, कुणाशी तरी बोलताना मनापासून हसतायत. त्यांना कळलंच नव्हतं. तोच लावलाय. लेन्स कुठली ते मला माहीत नाही.

घंटाळीकर
झूमच असणार. हेच सांगतोय मी सकाळपासून.

पामबीच८५
वाचून गलबलून आलं. आळशी हा शब्द चुकीचा होता, मी त्याला लाइक करायला नको होतं, तेवढं मागे घेते. पण दिवाळ्याच्या मावशींकडे मी उद्याही ५० च घेऊन जाईन.

घंटाळीकर
जा. हळदीला, अंधाऱ्या घरात, मलाही ८५ लागते, ते नाकारत नाही. मुंजीला मात्र झूमच.

कोपरीचा अप्पा
घंटाळीकर, ती झूम ठेवता कुठे?

घंटाळीकर
बॅगेत.

कोपरीचा अप्पा
आज रात्रीच काढा आणि टॉर्च मारा.