सेस्ना १७२ : नव्या टायरमधली हवा का उतरते?

धावपट्टी२७
विदर्भात उड्डाण प्रशिक्षण घेत असताना आमच्या सेस्ना १७२एस विमानाच्या डाव्या मुख्य चाकाचा टायर महिन्यापूर्वी बदलला गेला, ट्यूब मात्र जुनीच ठेवली. पुस्तिकेनुसार मुख्य चाकांत ४२ आणि पुढच्या चाकात ४५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब हवा. परंतु डाव्या चाकातील दाब आठवड्याला पाच-सहा पीएसआयने उतरतो आणि पंक्चर सापडत नाही. कारण काय असावे?

हँगरकर
माझा पहिला संशय जुन्या ट्यूबवर आहे. वापरात ट्यूबचे रबर कायमचे ताणले जाऊन ती मूळ आकाराहून सुमारे २५ टक्के मोठी होते. अशी ट्यूब नव्या टायरमध्ये कोंबली की तिला चुण्या पडतात आणि चुणीवर घासून घासून रबर तिथेच विरते. नव्या टायरला नवीच ट्यूब घालावी, तीही शक्यतो ब्युटाइल रबराची, कारण नैसर्गिक रबरातून हवा लवकर झिरपते. बसवताना ट्यूबला शंखजिऱ्याची पूड हलकीशी चोळावी, टायरवरचा लाल ठिपका ट्यूबच्या पिवळ्या खुणेशी, खूण नसल्यास व्हॉल्व्हशी जुळवावा, आणि एकदा भरलेली हवा पूर्ण सोडून पुन्हा भरावी, म्हणजे चुण्या निघतात. नवा टायर पहिल्या दिवशी थोडा फुगतो, त्यामुळे २४ तासांनी दाब पुन्हा पाहावा. हे काम परवानाधारक अभियंत्यानेच करावे. हवा न काढता दुभंगी (दोन भाग बोल्टने जोडलेल्या) रिमचे बोल्ट सैल केल्यास जीव जाऊ शकतो.

पहाटफेरी
दाब कधी मोजता? लँडिंगनंतर किमान दोन-तीन तास टायर थंड होऊ द्यावा. तापमानातील ३ अंश सेल्सिअसच्या फरकाने दाब सुमारे १ टक्का बदलतो. आपल्याकडे पहाट आणि दुपार यांत १५ अंशांचे अंतर सहज पडते, म्हणजे गळती नसतानाही दोन पीएसआय कमी-जास्त दिसतील.

धावपट्टी२७
दोन्ही वेळा पहाटेच मोजले होते. आज अभियंत्यांनी चाक उघडले, तेव्हा व्हॉल्व्हजवळ चुणी आढळली. टायर आणि रिम यांवरून ओढलेली लाल रेघही बोटभर सरकली होती. तिचा याच्याशी संबंध आहे का?

हँगरकर
थेट संबंध आहे. दाब कमी असला की ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला ओढतो, पण व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असल्याने त्याच्या मुळाशी ट्यूब फाटते. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरताना ही रेघ रोज पाहा, आणि ती तुटलेली दिसली तर अभियंत्यांनी तपासेपर्यंत विमान हलवू नका.