गिअर टाकताना मजा येत नाही, म्हणून लगेच शॉर्ट शिफ्टर बसवावा का?

मूळ धागा
शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअर टाकताना हाताचा प्रवास कमी करणारा दांडा. माझं मत स्पष्ट आहे: आधी नको. माझ्या गाडीचा गिअर चिखलात काठी फिरवल्यासारखा लागायचा. न्यूट्रलमध्येही दांडा लटपटायचा आणि गाडी थंड असली की दुसरा गिअर अडून बसायचा. शॉर्ट शिफ्टर घ्यायचं ठरलंच होतं. त्याआधी गाडीखाली जाऊन पाहिलं, तर गिअर केबलच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बुश (सांध्यातली कडी) झिजून लांबट झालेलं. तिथे दोन-तीन मिलिमीटरच ढिलाई होती, पण दांडा म्हणजे तरफ; वर मुठीपाशी तीच कितीतरी पट जाणवते. बुश बदललं, गिअर ऑइल बदललं. दांडा आता जागेवर बसतो आणि दुसरा गिअरही अडत नाही.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. माझी बुशं नवी आहेत, तरी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हात वीतभर फिरायचा. कंपनी दांडा हलका चालावा म्हणून तो लांब ठेवते, ते सगळ्यांना आवडलंच पाहिजे असं नाही. शॉर्ट शिफ्टर बसवल्यापासून मनगटावर गिअर पडतो. हौस हेही कारण पुरेसं आहे.

धागाकर्ता
हौसेला विरोध नाही. पण हाताचा प्रवास एक तृतीयांशाने कमी केला की जोर दीडपट लागतो. हा जादा जोर हातालाच; सिंक्रोच्या, म्हणजे गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणाऱ्या भागाच्या, पितळी रिंगवर तेवढाच जातो. खरी अडचण घाईची. दोन भागांचा वेग जुळवायला तिला क्षणभर हवा असतो, आणि दांडा आखूड झाला की आपण तो क्षण देत नाही.

प्रतिसाद २
वजनदार नॉबबद्दल कुणीच बोललं नाही. मूठ जड असली की तिच्याच गतीने गिअर आत जातो, हाताला फार जोर लावावा लागत नाही. काही खोलावं लागत नाही, आवडलं नाही तर जुना नॉब परत. आणि ऑइल बदलताना गाडीचं पुस्तक बघा! गिअर ऑइलच्या प्रती असतात; जीएल-४ सांगितलेल्या गिअरपेटीत निव्वळ जीएल-५ ओतणारे पाहिलेत. त्यातली गंधकाची द्रव्यं पितळेला मानवत नाहीत, शिवाय ते जास्त निसरडं असल्यानं सिंक्रोची पकड सुटते.

प्रतिसाद ३
खर्च करण्याआधी एवढं करा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन चालू करून, गाडी उभी असताना क्लच पूर्ण दाबून पुन्हा तेच. बंद असताना सुरळीत आणि चालू असताना जड, तर बहुतेक क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे इंजिन गिअरपेटीपासून पुरतं वेगळं होत नाहीये. रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत सिंक्रो नसतो, म्हणून तिथे लगेच कळतं: क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग टाका; तरी कर्रर्र झालं तर बहुतेक क्लचचाच दोष.

प्रतिसाद १
आत्ताच करून आलो. पाच सेकंद थांबूनही रिव्हर्सला कर्रर्र झालं. उद्या क्लचच्या तेलाच्या नळीतली हवा काढतो. शॉर्ट शिफ्टर मात्र काढणार नाही.