मुलांसाठी लिहिणारे सगळे मास्तरच का? पुस्तकं सुचवा (नाशिक, वय ७ ते १२)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सतरंजी टाकून पुस्तकं मांडते. दहा-बारा पोरं येतात. परवा चौथीतल्या एकाने विचारलं, "ताई, पुस्तक लिहिणाऱ्यांना दुसरं काम नसतं का?" वडील अंबडला कंपनीत, आई पार्लर चालवते, त्याला खरंच प्रश्न पडला होता. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

घरी येऊन पेटी उपसली, तर निम्म्याहून जास्त पुस्तकांच्या मागच्या पानावर शिक्षक, नाहीतर निवृत्त मुख्याध्यापक. शिक्षकांवर राग नाही, माझी आईच झेडपीची शिक्षिका. पण गोष्ट संपता संपता शहाणपणाचा डोस आला की पोरं चुळबुळ करायला लागतात. वेगवेगळ्या कामधंद्यांतून आलेल्यांची मराठी पुस्तकं सुचवा, शक्यतो अलीकडची. सुट्टी लागायच्या आत घ्यायची आहेत, बजेट दोन हजार.

सावानाचा_किडा
गावातूनच सुरुवात करा की. संजय वाघ आपले नाशिकचे, पेशाने पत्रकार. त्यांच्या 'जोकर बनला किंगमेकर'ला २०२१चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय. त्या पुरस्काराची यादी चाळलीत तरी तुमच्या चौथीवाल्याला उत्तर सापडेल. २०२०ला 'आबाची गोष्ट'वाले आबा महाजन, महसूल खात्यातले. २०२३ला एकनाथ आव्हाड, मुंबई महापालिकेच्या शाळेतले (घ्या, आले परत मास्तर! पण 'छंद देई आनंद' कवितांचं आहे, मोठ्याने म्हणायला घ्या). २०२४ला भारत सासणे, म्हणजे निवृत्त सनदी अधिकारी, आणि पुस्तकाचं नाव काय तर 'समशेर आणि भूतबंगला'. या नावावरच पहिल्या रविवारी मारामारी होणार, दोन प्रती घ्या.

आणि विकत घ्यायच्या आधी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) जाऊन हाताळून बघा. १८४०पासूनचं वाचनालय गावात असताना आपण ऑनलाइन चार ओळी वाचून पुस्तकं मागवतो, हे माझं जुनं रडगाणं.

अंजिरी
माधुरी पुरंदरे. माझं मत डोळे झाकून. शिकल्या चित्रकला, जेजेत आणि मग पॅरिसला. फ्रेंच शिकवलं, गायल्या, नाटकांत कामं केली. लिहितात त्याच आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे जे चित्रात दिसतंय ते वाक्यात परत सांगत बसत नाहीत. माझी लेक 'राधाचं घर' वाचायच्या वयाची नव्हती तेव्हा नुसती चित्रं बघून मला गोष्ट सांगायची, आणि दर वेळी वेगळी. सात-आठच्या पोरांना हे द्या, त्याहून मोठ्यांना त्यांचीच 'यश'ची पुस्तकं पुरणार नाहीत, त्यांना दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' द्या. लेखक नट आहे हे सांगायचीही गरज नाही, संवाद वाचताना कळतं.

फिरस्ता
जरा उलट बोलतो. मास्तर असणं हा दोष नाही आणि कलेक्टर असणं हा गुण नाही. साने गुरुजी अंमळनेरला मास्तरच होते ना? पण 'श्यामची आई' लिहिली ती १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात. म्हणजे लिहिताना मास्तर नव्हते, कैदी होते. तुमच्या पोराला हे सांगा, "दुसरं काम" म्हणून बेड्या पण असू शकतात.
नारळीकर राहिले. आडगावला २०२१ला साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष. आयुष्यभर खगोलशास्त्र केलं आणि विज्ञानकथा मराठीत लिहिल्या. मात्र दहाच्या आतल्यांना नको, जड जातील.

लेथवाला
धागा चोरतोय, माफ करा. मी अंबडला टर्नर आहे, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कापतो, एकोणीस वर्षं झाली. मुलगी दुसरीत. तिच्यासाठी एक गोष्ट लिहिली आहे, लेथवरून निघालेल्या चिपची, म्हणजे लोखंडाच्या किसाची. लोखंड कापताना चिप कुरळी होते आणि तापली की निळी पडते. ही चिप मोराचं पीस व्हायला निघते. बायको म्हणते छान आहे, पण ती बायको आहे. शिक्षण आयटीआय. आमच्यासारख्याने कुठे पाठवायची?

अंजिरी
@लेथवाला, आयटीआय कुठे विचारतंय कोण! शेवटी चिपला कोणी उपदेश करत नाही ना, एवढंच बघा.

सावानाचा_किडा
बालभारतीचं 'किशोर' मासिक, १९७१पासून निघतंय. जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट आहेत, आधी दहा-बारा वाचा म्हणजे लांबीचा अंदाज येईल. दुसरं, प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साइट. तिथे खातं काढून, त्यांच्याकडची चित्रं घेऊन स्वतःच पुस्तक मांडता येतं, पैसे लागत नाहीत. पैसे घेऊन पुस्तक छापून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. माझ्या मेहुण्याने एकाला तीस हजार दिले, तीनशे प्रती अजून माळ्यावर आहेत.

फिरस्ता
+१. आणि निळी का पडते ते गोष्टीत असू द्या. पोरं तेच विचारणार.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. यादी झाली: वाघ, सासणे, पुरंदरे, बोक्या. नारळीकर सावानातून आणून मीच आधी वाचते.
@लेथवाला दादा, छापायचं नंतर बघू. रविवारी सकाळी ११ला आमच्या पार्किंगमध्ये येऊन वाचून दाखवाल का? प्रश्न विचारणारा तो मुलगा पुढेच बसतो.

लेथवाला
या रविवारी सेकंड शिफ्ट आहे, तीनला जायचंय, म्हणजे ११ जमेल. मुलीलाही आणतो. खरी चिप आणू का? धार असते तिला, हात कापतो. पाण्याच्या बाटलीत घालून आणतो, बाहेरून बघतील.

गोदाकाठची
आणा. झाकणाला टेप लावून आणा. आमची पोरं आहेत, उघडणारच.